सखूच्या तोंडचं मटण

पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीनं खाली बघावं, पोह्याच्या बशा ठेवाव्यात आणि विचारलं तेवढंच बोलावं, असं मला माझ्या आईनं शिकवलं होतं. मोनालीला ते कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं असेलच, तर तिनं ऐकलं नव्हतं.

मी नलिनी. माहेर भूगाव, सासर मारुंजी, घरातली थोरली सून. बारावी झालेय, त्यामुळं लिहिते जरा नीट, पण बोलायला लागले की जीभ भूगावची. धाकट्या दिराला, रोहितला, मुलगी बघायला आम्ही ताम्हिणीच्या अलीकडच्या एका वाडीत गेलो होतो. डोंगराला चिकटून पंधरा-वीस घरं, त्यातलं एक मोनालीचं. मध्यस्थानं तिच्या घरच्यांना आधीच बजावून ठेवलं होतं, ‘लहानपणी कावीळ झालती म्हणून सांगा, जास्त खोलात जाऊ नका.’ हे आम्हाला अर्थातच नंतर कळलं.

पोहे आले. माझ्या सासूबाई, लीलाबाई, त्यांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, “सैपाक येतो का पोरी?”

“येतो,” मोनाली म्हणाली. “पण आधी एक सांगते, मंग चहा प्यायचा का न्हाई ते तुमी ठरवा. मी सात वर्सांची असताना मला रक्ताचा कॅन्सर झालता. मुंबईला अडीच वर्सं औषधं घेतली. आता बरी हाय. वर्साला तपासून येते.”

सासूबाईंच्या घशात पोहे अडकले. ठसका काही केल्या थांबेना. मध्यस्थ छताकडं बघायला लागला. तेवढ्यात मोनालीची आई सखू आतनं तांब्या घेऊन आली आणि शांतपणे म्हणाली, “घ्या, पाणी प्या इहीणबाई. कॅन्सर पोह्यात न्हाई.”

मला हसू फुटलं ते मी पदरात कोंबलं. रोहित, जो जेसीबीचा मालक असून पांढरा शर्ट घालून आला होता, त्यानं एकच प्रश्न विचारला. “गाडी येती का?”

“ट्रॅक्टर येतो.”

“मंग झालं की,” रोहित म्हणाला आणि चहा प्यायला. लग्न त्या चहातच ठरलं. सासूबाई परतीच्या वाटेवर पौडपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत, आणि पौडपासून मारुंजीपर्यंत थांबल्या नाहीत.

मारुंजीत आता शेती म्हणजे मोठ्ठ्या बिल्डिंगीत जाताना मधे लागणारा चिखल. आमच्या जागेत खोल्या आहेत, खोल्यांत आयटीची पोरं आहेत, आणि त्या पोरांना दोन वेळचं घरचं जेवण हवं असतं. मी डबे करते, मोनाली ते पोचवते. तिच्याकडं एक छोटा हत्ती आहे, म्हणजे टेम्पो हो, खरा हत्ती असता तर तोही तिनं असाच पळवला असता. केस मोकळे सोडून, कमरेपर्यंत लांब, खिडकीतनं उडतायत, आणि ही हॉर्न दाबून धरतेय. सोसायट्यांचे वॉचमन तिला लांबूनच ओळखतात आणि लांबूनच गेट उघडतात.

कॅन्सरचं तर तिनं पार लोणचं घातलं होतं. जिथं तिथं वाढायची. लायनीत कुणी पुढं घुसला की, “दादा, मला कॅन्सर झालता, तुमाला काय झालंय?” पोलिसानं टेम्पो अडवला की तेच. एकदा गॅसच्या सिलिंडरवाल्याशी भांडताना तिनं असा सूर लावला की तो बिचारा पायऱ्या चढून सिलिंडर स्वयंपाकघरात ठेवून गेला आणि जाताना तिला म्हणाला, ताई, काळजी घ्या. मी म्हटलं, “अगं लाज कशी वाटत न्हाई तुला?” तर म्हणते, “एवढा मोठा आजार काढला, त्याचा काय तर उपयोग नको व्हय?” गावात कुणी ‘देव तारी त्याला कोण मारी’ म्हटलं की ही लगेच म्हणायची, “देवानं तारलं ते खरं, पण सुया नर्सबाईनं टोचल्या. तिचा पण फोटू लावा.”

तोंडाला कुलूप फक्त एका गोष्टीला लागायचं. पोरबाळ.

लग्नाला पाच वर्षं झाली आणि पाळणा हलेना, म्हटल्यावर आळीतल्या बायकांना काम मिळालं. शेजारची धोंडाबाई तर डॉक्टरच झाली. “औषधांनी पिशवी जळली असंल,” असं ती माझ्या समोर म्हणाली, तेव्हा मी तिला म्हटलं, “मावशी, तुमची जीभ कुठल्या औषधानं जळली?” त्यानंतर चार महिने आमचं बोलणं बंद होतं. बरं झालं, डोक्याला शांतता.

पिशवी वगैरे काही जळली नव्हती. मोनालीनं डॉक्टरीणबाईंना केव्हाच विचारलं होतं, मी सोबत होते. बाई म्हणाल्या, मूल होऊ शकतं, आणि तुम्हाला जो आजार झाला होता तो तुमच्यामुळं मुलाला होतो असं काही नाही. लहानपणी घेतलेल्या काही औषधांचा हृदयावर ताण पडलेला असू शकतो, म्हणून दिवस राहिले तर हृदयाची तपासणी तेवढी करून घ्यायची. मोनालीनं सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि टेम्पोत बसल्यावर म्हणाली, “चला, अंडी संपल्यात.” विषय संपला.

तिला मूलच नको होतं. रोहितला ते माहीत होतं, मला माहीत होतं. का नको, ते मात्र आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. आणि बाहेरच्या जगाला काही सांगायची सोय नव्हती, कारण मधे सखूचं मटण आडवं येत होतं.

हे मटणाचं प्रकरण मला कळलं ते मोनालीच्या माहेरच्या जत्रेत. वाघजाईची जत्रा, चैत्रात. पहिल्या दिवशी पालखी आणि गोडाचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी बोकड. दुसऱ्या दिवशी त्या वाडीत असा वास सुटतो की माळकरी माणसानं सरळ धरणापलीकडं जाऊन बसावं. अंगणात पंगती उठतात, बादल्या फिरतात. मी रस्सा ओरपत होते आणि शेजारी सखूचं ताट आलं. त्यात वरण-भात आणि वांगं. मी म्हटलं, “अगंबाई, मावशी, तुमी खात न्हाई?”

अख्खी पंगत माझ्याकडं बघायला लागली, जणू मी देवळात चप्पल घालून गेले.

मग हैबतरावांनी सांगितलं. हे मोनालीचे चुलते, सखूचे धाकटे दीर, जत्रेच्या कमिटीचे मुख्य, आणि मिशीला पीळ देण्याव्यतिरिक्त फारसं काम न करणारे. मोनाली मुंबईच्या दवाखान्यात होती तेव्हा सखूनं वाघजाईला नवस बोलला होता. पोर जगू दे. तिच्या पहिल्या लेकराचं जावळ तुझ्या दारात काढीन, बोकड देईन, आणि तोवर माझ्या तोंडात मटण जाणार नाही. बाळाचे पहिले केस देवीपाशी पडेपर्यंत सखूचं तोंड बंद.

“कडक बाई हाय आमची वयनी,” हैबतराव म्हणाले. मग आवाज चढवून, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं, “मोने, आयच्या तोंडचं मटण कधी सोडवतीस गं?”

सगळे हसले. मोनालीही हसली. पण तिची नजर आईच्या ताटातल्या वांग्यावर होती आणि तिच्या हातातला घास तसाच होता.

हे दरवर्षी. हैबतरावांना दुसरा विनोद माहीत नव्हता. लग्नात भेटोत, मयतीला भेटोत, “आयच्या तोंडचं मटण” ठरलेलं. हळूहळू सगळी वाडी तेच विचारायला लागली. मोनाली पोलिसाला पुरून उरायची, पण तिथं तिचं काही चालायचं नाही. आईनं पोरीसाठी घास सोडला, आता पोरीनं तो परत द्यायचा. 

लग्नानंतरच्या पाचव्या जत्रेच्या आठवडाभर आधी, दुपारचे डबे टाकून येताना मोनालीनं टेम्पो एकदम रस्त्याच्या कडेला घेतला आणि बंद केला. मला वाटलं डिझेल संपलं.

“मला दिवस गेल्यात,” ती म्हणाली.

माझ्या तोंडून आनंदानं किंकाळी फुटणार होती, ती तिचा चेहरा बघून आत गेली. पांढराफटक.

“कसं काय पण?” मी म्हटलं.

“कसं काय म्हंजे? तुला दोन पोरं हायेत, तुला ठाऊक न्हाई व्हय?”

“तसं न्हाई गं. तुला नको व्हतं ना.”

“मला अजून पण ठरवता येत न्हाई. जत्रा झाली की सोमवारी डॉक्टरीणबाईकडं जाणार हाय. ठेवायचं का न्हाई ते तवा सांगायचंय.” मग म्हणाली, “रोहित म्हणतो, तू म्हणशील ते. असा राग आला मला. हा काय डबा हाय व्हय, भाजी कुठली ते मी सांगायचं?”

माझा स्वभाव असा की गप्प बसता येत नाही. मी म्हटलं, “तुला भीती वाटती का, पोराला तसलंच काय होईल म्हणून? बाई तर म्हणाल्या…”

“बाई काय म्हणाल्या ते मला पाठ हाय.” तिनं स्टेअरिंग धरून ठेवलं होतं, टेम्पो बंद असताना. “नलूताई, आजारी पडायची मला भीती न्हाई. ते मला येतं. उलट्या येतात, केस जातात, सुया टोचतात, मग आइस्क्रीम मिळतं. मी पोरगी होते, माझं निभावलं. पण माझ्या आईचं तोंड मी बघितलंय. रात्रंदिस माझ्या उशाला. ते तोंड मला जमणार न्हाई. उद्या माझ्या पोराला साधा ताप आला तरी मी मरून जाईन गं. उशाला बसायचं मला जमणार न्हाई.”

आणि ती रडली. पाच वर्षांत पहिल्यांदा. मागनं एका पाण्याच्या टँकरनं हॉर्न मारला, तर मी खिडकीतनं डोकं काढून त्याला अशी शिवी दिली की तो रिव्हर्स गेला. दुसरं मला काय करता येणार होतं?

“आणि त्यात ते मटण,” ती नाक पुसत म्हणाली. “नको म्हटलं तर आईचं ताट तसंच. हो म्हटलं तर मी पोर कशासाठी काढलं? बोकडासाठी?”

शनिवारी आम्ही जत्रेला गेलो. रोहित जेसीबी सोडून येईना, त्याचं बरं असतं. मोनालीनं बजावलं होतं, तोंड उघडलंस तर खबरदार. मी सकाळपासून तोंड असं मिटून ठेवलं होतं की लोक विचारत होते, दाढ दुखतीय का.

सखू नेहमीसारखी देवळाच्या पायरीवर. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी वाडीतल्या झाडून सगळ्या बायका पहाटेपासून चुलीपुढं असतात. मसाला वाटा, कांदा भाजा, भाकऱ्या बडवा. पाहुणे अर्धा तालुका. पण नवसाच्या बाईनं मटणाच्या चुलीला शिवायचं नसतं. म्हणून सखू धुतलेलं लुगडं नेसून पायरीवर बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कुंकू लावते. बायका तिच्या पाया पडतात.

पहिली पंगत बसायच्या आधीच हैबतराव ढेकर दिल्यासारखं ओरडले, “मोने! यंदा तरी आयच्या तोंडचं…”

“काका,” मोनाली म्हणाली, “तुमच्या तोंडाला दुसरं काय येतं का?”

 ती तरातरा घरामागं निघून गेली. मी मागं पळाले, आणि आमच्या मागं, पायरीवरनं उठून, सखू.

घरामागं जळणाचा ढीग आहे. मोनाली तिथं एका ओंडक्यावर बसली होती. सखू तिच्यासमोर उकिडवी बसली, तिच्याकडं बघितलं, आणि म्हणाली, “कितवा म्हैना?”

मोनाली माझ्याकडं असं बघायला लागली की मी दोन्ही हात वर केले. “शप्पथ, मी न्हाई!”

“हिनं कशाला सांगाया पायजे? सकाळधरनं तू चहाला नाक मुरडतीस, आन ही बया कधी न्हाई ती गप हाय. मला कळत न्हाई व्हय?”

“दुसरा,” मोनाली म्हणाली. “पण ठेवीन का न्हाई ते मला ठाऊक न्हाई, आई.”

“बरं,” सखू म्हणाली.

“बरं काय? आन तुझं मटण?”

“माज्या मटणाला काय झालं?”

“चोवीस वर्सं तू वांगं खातीस माझ्यापायी! सगळी वाडी माझ्या पोटाकडं बघती!” मोनाली ओरडतच होती. “तुझं ताट बघितलं की मला घास जात न्हाई. मी पोर जन्माला घालायचं ते तुझं तोंड सोडवाया?”

सखूनं मागं वळून बघितलं, कुणी नाही ना. मग माझ्याकडं बघितलं, मी तर होतेच. मग खालच्या आवाजात म्हणाली, “मी खाते गं.”

“काय खातीस?”

“मटण.”

मी ओंडक्यावर बसले. 

“पिरंगुटला हळद व्हती बघ, तू धाव्वीला असताना,” सखू सांगायला लागली. “मी शाकारी लायनीत बसले. वाढप्यानं वड्या वाढल्या, म्हनला सोयाबीन हाय. लई ग्वाड लागलं. दुसऱ्यांदा मागून घेतलं. निम्मं खाल्ल्यावर दाताखाली हाडूक आलं.” तिनं कपाळाला हात लावला. “माजं काळीज गार पडलं. आठ दिस तुज्या अंगाला हात लावून बघत व्हते, ताप हाय का, ताप हाय का. तू म्हनायचीस, सारखी काय चाचपतीस? तुला काय झालं न्हाई. उलटी तू धाव्वी पास झालीस. मंग मी वाघजाईला म्हनलं, बाई, तुजी हरकत दिसत न्हाई. तवापास्नं कुटं बाहेरगावी गेले की खाते.”

“आन इथं?” मी विचारलं.

“हितं कशाला खाऊ? हितं चुलीपुढं मरायचं व्हय? वर्सातनं एक दिस पायरीवर बसाया मिळतं. ही माजी जाऊ, जी मला उभ्या जल्मात कधी पाणी देत न्हवती, ती पाया पडती. कोन सोडंल?”

मोनालीचं तोंड उघडंच राहिलं होतं. हसावं का आईचा गळा धरावा, तिला कळेना. शेवटी म्हणाली, “मग असला नवस बोललीसच कशाला? नारळ बोलायचास, साखर बोलायचीस. माझं पोर कशाला मधी आणलंस?”

सखू काड्या मोडायला लागली.

“तितं दवाखान्यात सगळी जवळजवळचं बोलायची,” ती म्हणाली. “डाक्टर म्हनायचा, हा आठवडा जाऊ दे. नर्स म्हनायची, ह्यो म्हैना जाऊ दे. तुजा बा म्हनायचा, दिवाळीपतोर राहिली तरी लई झालं. मला वाटलं, दिवाळी मागितली तर ही देवी दिवाळीच देईल. देव बी वाण्यावानीच की, मागितलं त्येच्यापरास गुंजभर जास्त देत न्हाई. मंग लांबचं काय मागू? मला सुचंना. तुजं टक्कल माज्या मांडीवर व्हतं. म्हनलं, हिच्या पोराचं जावळ. त्येच्याहून लांबचं मला दिसंना गं. म्हंजे तोवर तरी तुला जगवावीच लागंल तिला.” तिनं मोडलेल्या काड्या खाली टाकल्या. “पोर नगं व्हतं मला. तू पायजे व्हतीस.”

मला वाटलं आता मी मोठ्यानं रडणार, म्हणून मी उगाच कोंबडीला हाकललं.

मोनाली म्हणाली, “मला भीती वाटती आई. मला तुझ्यासारखं बसता येणार न्हाई. तू कशी रडायचीस ते मी झोपेचं सोंग घेऊन बघायचे.”

“रडले की,” सखू म्हणाली. “न्हाई कशी रडंन? पन अडीच वर्सं नुसतं रडत कोन बसतं? भूक लागती, झोप येती. तवा आपल्या वाडीत लाइट तरी व्हती का? तितं पंखा व्हता. मी जल्मात पयल्यांदा पंख्याखाली झोपले ती तुज्या कॉटखाली. पाणी वाहायचं न्हाई, शेण काढायचं न्हाई, तुज्या आजीची कटकट न्हाई. आन बाकीच्या आया. लई हसायचो आमी. एक धुळ्याची व्हती, डाक्टर कसा चष्मा पुसत येतो त्येची अशी नक्कल करायची, मुतायची पाळी यायची हसून.” ती हसली, मग थांबली. “तिचं पोरगं गेलं. जाताना ती तुज्या कॉटपशी आली आन तुला चष्म्याची नक्कल करून दावली. तू खुदकन हसलीस. मंग ती गेली.”



“बसाया काय शिकावं लागत न्हाई, मोने. कॉट असती, कॉटच्या शेजारी जिमीन असती. बसायचं.” सखू गुडघ्यावर हात टेकून उठली. “पन तुला न्हाई बसायचं तर नगं बसू. तुजं तू ठरव. माज्या मटणावर घालू नगं.”

आणि ती अंगणात गेली. आम्ही मागं.

पुरुषांची पहिली पंगत बसली होती, हैबतराव स्वतः बादली घेऊन वाढत होते. बायकांचं जेवण दोन पंगती सोडून. सखू सरळ गेली आणि पंगतीच्या टोकाला, एका गावकऱ्याला कोपरानं सरकवून, मांडी घालून बसली. पत्रावळ ओढली.

“वयनी, तुमचं वरण आत हाय,” हैबतराव म्हणाले.

“वरण नगं. वाढा भावजी. नळी बघून वाढा.”

हैबतरावांच्या हातातला डाव बादलीत पडला. “वयनी! नवस!”

“माजा नवस हाय, मी मोडते. देवीचं आन माजं बोलणं झालंय, तुमी मधी पडू नगा.”

सगळी वाडी उभी राहिली. कुणी म्हणालं, बाईला वारं लागलं. तिची जाऊ, जी सकाळी पाया पडली होती, ती तोंडावर पदर घेऊन म्हणाली, “पोरीच्या जिवावर उठली!” तेव्हा मात्र सखूचा बादलीकडं गेलेला हात मागं आलेला मी बघितला. एकदाच. तिनं पंगतीपलीकडं मोनालीकडं बघितलं, खडखडीत उभ्या पोरीकडं, वारं केसांतनं जात होतं. मग तिनं बादली ओढून स्वतःच वाढून घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, आणि सगळ्या गावादेखत खाल्ला. चावून गिळला. बोटं चाटली.

“मीठ कमी हाय,” ती म्हणाली. “आन आजपास्नं माज्या लेकीला तोंडचं मटण कुनी इचारलं तर त्येच्या तोंडात मी ही बादली वतीन.”

हैबतरावांनी मिशीला पीळ द्यायला हात उचलला, पण हाताला रस्सा लागला होता.

सोमवारी मोनालीनं टेम्पो काढला, मी शेजारी. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या खाली तिनं तो उभा केला, किल्ली काढली आणि म्हणाली, “ठेवणार हाय.”

मी तोंड उघडलं, तर तिनं बोट दाखवलं. “नवसासाठी न्हाई. आईसाठी न्हाई. रोहितसाठी तर अजिबात न्हाई.”

“मग?”

“मला बघायचंय,” ती म्हणाली. “कसं दिसतंय ते.”

हृदयाची तपासणी झाली, ते दणकट निघालं. ते मला आधीच माहीत होतं. नऊ महिने तिनं मला पिळून काढलं, रोहितला पिळून काढलं, आणि सातव्या महिन्यापर्यंत टेम्पो चालवला. मुलगी झाली. किमया. पुढच्या जत्रेत सखूला पहाटेच मसाला वाटायला बसवलं. पायरी गेली ती गेलीच. ती वाटताना सगळ्यांना शिव्या देत होती, पण दुपारी पहिल्या पंगतीला जेवली.

जावळ काढलं नाही. सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं, पोरीचा मामा कात्री घेऊन तयार बसला, मोनाली म्हणाली, “एकदा माझं टक्कल झालंय तेवढं घरात पुरे.” त्यामुळं पोरीचे केस आता डोळ्यांवर येतात, माझ्या आमटीत येतात, आणि आळीतली लहान पोरं तिला झिपरी म्हणतात. मोनाली रोज तिला विंचरते आणि विंचरून झालं की फणी उजेडात धरून किती केस आले ते बघते. रोज. मी बघते की ती बघते, आणि मी काही म्हणत नाही. मीसुद्धा.

गेल्या महिन्यात किमयाला पहिला सणसणीत ताप आला. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, दोन दिवसांत उतरेल. पण मोनालीचं तोंड परत तसंच, टेम्पोतलं, पांढरं. भर दुपारी मी डबे भरून तिच्या खोलीत डोकावले. पोरगी पलंगावर झोपली होती, केस कपाळाला चिकटलेले. मोनाली खाली फरशीवर, पलंगाला टेकून, एक हात वर पोरीच्या पोटावर. दुसऱ्या हातात फोन, स्पीकरवर.

“आई,” ती म्हणत होती, “मी बसलीय.”

“मंग?” पलीकडनं सखू. “जमतंय का?”

मोनालीनं वर हाताकडं बघितलं, तो पोरीच्या श्वासाबरोबर वरखाली होत होता.

“बसलीय,” ती परत म्हणाली.

“पंखा हाय ना वर?”

“हाय.”

“मंग तू बी जरा लवंड,” सखू म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.